घरचा सर्व्हर बाहेरून उघडेना: पोर्ट, टनेल की टेलस्केल?

नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या घरी टीव्हीखाली एक जुना लॅपटॉप चोवीस तास चालू असतो. त्यावर मावशीच्या सावजी मसाल्याची छोटी वेबसाइट आहे आणि घरच्या फोटोंचा साठा, जो पुण्यातल्या दादालाही हवा असतो. दोन्ही घराबाहेरून उघडायला एकच रस्ता पुरेल या हट्टापायी माझे दोन रविवार गेले.

रस्ता निवडण्याआधी गाडी नेमकी कुठे अडली ते बघा. साइट आधी लॅपटॉपवरच उघडा, मग घरच्या वायफायवरून मोबाइलवर, शेवटी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर. पहिल्यातच अडली तर वेबसर्व्हरच बंद आहे. दुसऱ्यात अडली तर बहुधा फायरवॉल (बाहेरच्या जोडण्या अडवणारा पहारेकरी), नाहीतर सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्याच पत्त्यावर, कान देऊन बसलाय. फक्त तिसऱ्यात अडली, तरच पुढचं वाचा.

पोर्ट फॉरवर्डिंग हा जुना मार्ग. राउटरमध्ये ८० आणि ४४३ हे पोर्ट, म्हणजे वेबसाइटची दारं, लॅपटॉपकडे वळवायचे, मध्ये कोणी तिसरा नाही. पण राउटरवरचा वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय; मग राउटरमध्ये कितीही खटपट करा, बाहेरचा माणूस आत येत नाही. माझं अगदी हेच झालं होतं. स्टॅटिक आयपीचे (फक्त आपला, न बदलणारा पत्ता) वेगळे पैसे मोजायची तयारी असेल तरच या वाटेला जा. आणि लॅपटॉपचा घरातला पत्ता राउटरमध्ये पक्का करून ठेवा. नाहीतर मे महिन्यात लाइट गेली-आली की १९२.१६८.१.५ चा १.७ होतो आणि पोर्ट भलत्याच दारावर टकटक करत बसतं.

क्लाउडफ्लेअर कंपनीच्या टनेलला ही अडचणच नाही, कारण जोडणी घरातून बाहेर तिच्या सर्व्हरकडे जाते, पोर्ट उघडावं लागत नाही. स्वतःचं डोमेन (साइटचं नाव) मात्र लागतं. मावशीच्या साइटसाठी मी हेच ठेवलंय. फोटोंसाठीही तेच वापरून पाहिलं, तर लग्नाचा व्हिडिओ चढवताना ४१३ एरर, म्हणजे फाइल फार मोठी! फुकट प्लॅनवर एका खेपेला १०० एमबीच्या वर अपलोड जात नाही.

म्हणून फोटोंसाठी टेलस्केल, म्हणजे आपल्याच उपकरणांना एका खाजगी जाळ्यात जोडणारं ॲप. दादाच्या फोनवर आणि घरच्या लॅपटॉपवर ते टाकलं, आता घरचा सांबा शेअर (नेटवर्कवरून उघडणारं फोटोंचं फोल्डर) पुण्यात उघडतो. कधी फारच रखडलं तर लॅपटॉपवर टेलस्केल स्टेटस ही कमांड देऊन बघा. तिथे रिले लिहिलेलं असेल तर थेट जोडणी जुळलेली नाही आणि फाइल मधल्या सर्व्हरवरून, फेऱ्याने जातेय. ज्याला बघायचंय त्या प्रत्येकाकडे ॲप हवं, म्हणून मसाल्याच्या गिऱ्हाइकांसाठी हे कामाचं नाही.

सांबाचं ४४५ पोर्ट इंटरनेटवर थेट उघडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, भाऊ. २०१७ चा वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, याच दारातून पसरला होता.

स्टॅटिक आयपी आधीच असेल तर गोष्ट वेगळी. साइटसाठी पोर्ट फॉरवर्डिंगच साधं पडेल. पैसे घालायचे नसतील तर माझ्यासारखी टनेल आणि टेलस्केलची जोडी लावा. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, राउटर नाही, म्हणून तो आता कूलरशेजारच्या इन्व्हर्टरच्या प्लगवर आहे.