पोराचा पाण्यातला चष्मा: शहीद द्वीप ते मामाची विहीर, नऊ महिन्यांचा अनुभव

मे महिन्यात पोराच्या मास्कचं, म्हणजे पाण्यात तोंड घालून बघायच्या चष्म्याचं, पट्ट्याचं बक्कल तुटलं त्याच रात्री मी लिहायला बसले होते. तेव्हा "घेऊ नका" एवढंच लिहून मोकळी झाले असते. आता सप्टेंबर आहे, मास्क अजून वापरात आहे आणि माझं मत तेव्हासारखं राहिलेलं नाही. बक्कलाचा राग मात्र तसाच आहे.

टेम्पर्ड काच, सिलिकॉनची कड, लहान मुलांचं माप, सोबत श्वासाची नळी, हे सगळं विकणाऱ्यांनी लिहिलेलं असतंच, परत सांगत नाही. नळीसकट ११५० रुपये पडले. जानेवारीत मी आणि माझा नऊ वर्षांचा लेक अंदमानला निघालो होतो. आम्ही लातूरचे. दोघांच्या विमान तिकिटांतच माझी वर्षभराची भिशी संपली होती, त्यात हे ११५० जड गेले. "तिकडं भाड्यानं मिळतंय की," असं घरात सगळ्यांनी सांगून बघितलं. मिळतात हे खरं, पण आम्हाला दाखवलेले सगळे मोठ्या माणसांच्या मापाचे होते. पोराच्या गालावर कड बसत नव्हती. विकत घेतला तेच बरं झालं.

माप बघायची रीत सोपी आहे. पट्टा न लावता मास्क तोंडावर टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. पडला नाही तर माप बरोबर. आमचा घरी पहिल्यांदा पडला. सकाळी डोक्याला चोपडलेलं खोबरेल कपाळावर उतरलं होतं म्हणून. तोंड धुवून, केस मागे सारून परत लावला तर गच्च बसला. कडेखाली चार केस आले तरी पाणी झिरपतं, हे मुलींच्या आयांनी विशेष लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट धुक्याची. नव्या काचेवर कारखान्यातला एक बारीक थर असतो, त्यामुळे आतून लगेच वाफ धरते. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी पोरगं पाण्यात तोंड घालून पाच मिनिटांत रडवेलं वर आलं, "मला नुसतं पांढरं दिसतंय." बोटीवरच्या पोराने काचेवर थुंकून बोट फिरवलं, पाण्यात विसळलं आणि दिलं. त्या दिवसापुरतं भागलं. रात्री पांढऱ्या टूथपेस्टने काच आतून दोनदा चोळून धुतली. त्यानंतर आजपर्यंत तक्रार नाही. मी तर पहिल्याच दिवशी पैसे पाण्यात गेले असं धरून चालले होते.

आम्ही राहिलो नील बेटावर. डिसेंबर २०१८ पासून त्याचं नाव शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम) एक दिवस सेल्युलर जेल बघितला आणि बाकीचे चार दिवस नीललाच काढले. गर्दी नाही, घाई नाही, सायकल भाड्याने घेतली की कुठेही जाता येतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजीपाल्याची शेतं; इथली भाजी पोर्ट ब्लेअरला जाते. वांगी, दोडके, मिरच्या बघून मला जरा घरच्यासारखंच वाटलं.

आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. माझा लेक २०१६ चा, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यातला. बेटावरच्या भरतपूर किनाऱ्यावर सकाळी पोचलो तर समुद्र लांब आत गेलेला, खडक उघडे पडलेले. तो म्हणाला, "माय, हितं पाणी कवा सोडत्यात?" मला उत्तरच सुचेना. गेस्टहाउसच्या बंगाली दीदींनी त्याला ओट्यावर बसवून समजावलं: दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा. त्याने वहीत पुढच्या दिवसांच्या वेळा मांडल्या. मग आमचं जेवणखाण त्या वहीप्रमाणे. लक्ष्मणपूरची खडकाची नैसर्गिक कमान बघायची तर ओहोटीला, प्रवाळ बघायला पाण्यात उतरायचं तर भरतीला, आणि दोन्ही उजेडात. घड्याळ आपलंच असलं तरी हे बेट लातूरच्या सोळा अंशांहून जास्त पूर्वेला आहे. जानेवारीत तिथे साडेपाचला सूर्य बुडालेला असतो. लहान मूल घेऊन जाणाऱ्यांनी सकाळी लवकर उठायची तयारी ठेवा.

पाण्यात एक गाइड ट्यूबला धरून त्याला नेत होता, मी शेजारी, दोघांनाही लाइफ जॅकेट. तोंड खाली घातलं की बाहेरचा सगळा आवाज बंद होतो आणि एक वेगळाच आवाज येतो. कुरुम, कुरुम. पोराने तोंड वर काढून नळी बाजूला केली. "माय, खाली कोण खडीसाखर खातंय?" गाइडने बोट दाखवलं. पोपटासारख्या चोचीचे हिरवे-निळे मासे मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खात होते. प्रवाळही त्यांच्या पोटात जातो, दळला जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. आपण चालतो त्या पांढऱ्या वाळूतला बराच वाटा या माशांनी दळलेला आहे, असं गाइड म्हणाला. पोरगं त्या दिवशी किनाऱ्यावर बसून मूठ मूठ वाळू उचलून डोळ्यांजवळ नेत होतं. त्या पाऊण तासासाठी ११५० काय, मी दुप्पटही दिले असते.

मास्कमधून मासे खऱ्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने मोठे दिसतात आणि जवळही वाटतात, कारण पाण्यातून मास्कमधल्या हवेत येताना उजेड वळतो. तेव्हा पोरं हात पसरून मासा "एवढा" होता म्हणाली तर ती खोटं बोलत नाहीत.

शंख आणि प्रवाळाचे तुकडे त्याने टोपीत गोळा केले होते. प्रवाळ नेता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. शंखही इथेच राहू द्या, असं दीदी म्हणाल्या. त्याने सगळे एकेक करून परत ठेवले. तिथून आम्ही परत आणलेली समुद्राची खूण म्हणजे हा मास्क, म्हणून तो मोडला तेव्हा घरात एवढं दुःख झालं.

आता बक्कल. तिसऱ्या दिवशीच डाव्या बक्कलाच्या घडीवर एक पांढरी रेघ दिसली होती. मला वाटलं मीठ सुकलं असेल. नखाने खरवडली, गेली नाही. रोज गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवत होते, काळजीत कसूर नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगं औशाजवळ माझ्या भावाकडे गेलं. पाठीला डबा, कमरेला दोर, मामा काठावर, असं विहिरीत पोहायला शिकत होतं. आठवडाभरात बक्कल कटकन तुटलं आणि मास्क तळाला गेला. घागर काढायचा गळ टाकून भावाने अर्ध्या तासाने तो वर काढला.

विकणाऱ्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं, पट्टा आणि बक्कल वॉरंटीत येत नाहीत. बरं, सुटं बक्कल विकत द्या म्हटलं. सुटं मिळत नाही, नवीन मास्क घ्या. सहा ईमेल झाले, दोन फोन झाले, तेच उत्तर. पाच-दहा रुपयांच्या प्लास्टिकसाठी चांगली काच आणि चांगलं सिलिकॉन फेकून द्यायचं? आमच्या घरात कुकरची रिंग बदलतात, शिट्टी बदलतात, कुकर फेकत नाहीत. मुलांच्या वस्तूचं सगळ्यात जास्त ओढाताण होणारं अंग सगळ्यात कच्चं, आणि तेच सुटं मिळत नाही, हे मला आजही पटत नाही.

एक कबूल करते. पोरगं मास्क लावून काठावरून उडी मारत होतं, हे भावाने नंतर सांगितलं. मास्क लावून उडी मारायची नसते, ताण सगळा पट्ट्यावर आणि तोंडावर येतो. त्यामुळे सगळाच दोष वस्तूचा नाही. पण रेघ बेटावरचीच होती.

जूनमध्ये गंजगोलाईजवळ दप्तरं शिवणाऱ्या एका काकांकडे घेऊन गेले. त्यांनी दोन्हीकडची बक्कलं काढली, जाड नायलॉनची पट्टी घातली, दप्तराला असते तशी प्लास्टिकची कडी लावली. तीस रुपये. मागे रुंद कापड शिवून दिलं, आता केसही ओढले जात नाहीत. कारखान्याच्या पट्ट्यापेक्षा हा चांगला बसतो.

त्याच आठवड्यात भावाची मोटर पाणी ओढेना. मोटर बंद करून पोराला दोराने उतरवलं. त्याने वरूनच बघून सांगितलं, "मामा, फूटव्हॉलला पिशवी गुंडाळलीय." फूटव्हॉल म्हणजे मोटरच्या पाइपचं पाण्यातलं तोंड. भावाने बुडी मारून ती काढली, पाणी चालू झालं. मास्कवर एवढे पैसे घातले म्हणून हाच भाऊ जानेवारीत मला बोलला होता. आता तो मास्क त्याच्या घरी खुंटीला असतो.

तर मास्क घ्या, काच आणि कड नऊ महिन्यांत जशीच्या तशी आहे. नळीचं तोंडात धरायचं रबर मात्र पोराने चावून फाडलं आहे. आणि या मापाचं सुटं बक्कल कुठे मिळत असेल तर कृपया सांगा, मी दोन जोड घेईन.