चादरींचा गठ्ठा चढवायचा: फळी की कप्पी?

सोलापुरी चादरींचा ६० किलोचा गठ्ठा, टेम्पोचा हौदा १ मीटर उंच. ३ मीटरची फळी तिरकी टेकवली तर हिशेबाने जोर लागतो २० किलोइतकाच, अंतर मात्र तिप्पट. खरी अडचण घर्षणाची. गोणपाट लाकडावर घासतं आणि जोर सहज दुपटीवर जातो. गठ्ठ्याखाली पाइपचे तुकडे सरकवले की बराच फरक पडतो (मागे कुणी उभं राहू नका म्हणजे झालं).

छताला टांगलेली एकच कप्पी वजन जराही हलकं करत नाही. फक्त दोर खाली ओढताना अंगाचा भार कामी येतो. गठ्ठ्यासोबत वर सरकणारी दुसरी कप्पी जोडली तर ३० किलोच्या जोरावर भागतं, पण दोर दुप्पट ओढावा लागतो.

टेम्पोला फळीच बरी. कप्पी माडीवर माल चढवायला. तिथे फळी टेकवणार कुठे?