फक्त कॉलचा वर्षाचा रिचार्ज: आईच्या बटणाच्या फोनवरचा अनुभव

जुलै २०२४ च्या दरवाढीवर सगळ्यांचं ओरडून झालंय. जिओचा २३९ चा पॅक २९९ ला गेला, एअरटेल आणि व्हीचा (व्होडाफोन-आयडिया) १७९ चा १९९ ला आणि वर्षाचा १७९९ चा १९९९ ला. हे सगळ्यांना पाठ आहे. मला लिहायचंय ते त्यानंतर आलेल्या एअरटेलच्या एका पॅकबद्दल: ३६५ दिवस, अमर्याद कॉल, ३६०० एसएमएस, डेटा शून्य, किंमत १८४९. हिवाळ्याच्या शेवटी आईच्या नंबरवर टाकला, आता दिवाळी तोंडावर आली.

आधी हे सांगतो की माझ्या स्वतःच्या फोनवर हा पॅक नाही आणि मी टाकणारही नाही. मी आणि बायको डेटा भरपूर खातो, त्यामुळे २९९ बोचतात पण वसूल होतात. तरी दर २८ दिवसांनी २९९ टाकत असाल तर एक हिशोब करून बघा. वर्षाला तेरा रिचार्ज, म्हणजे ३८८७ रुपये. वर्षाचा एकदम टाकला तर ३५९९. सरळ २८८ वाचतात, आणि रोजचा डेटाही जास्त मिळतो. पुढे.

दरवाढीचा खरा फटका आईसारख्यांना बसतो. ती कराड तालुक्यात गावी असते, फोन बटणाचा. संध्याकाळी इस्लामपूरच्या ताईचा फोन, मधूनच माझा, बँकेचे मेसेज आणि गॅसचा नंबर, संपला वापर. तिचं सिम त्या लाइफटाइमच्या काळातलं. तेव्हा एकदा पैसे भरले की इनकमिंग आयुष्यभर, असं सांगून विकलेलं. मग २०१८ च्या शेवटी ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आला. २०२१ मध्ये ७९, त्याच वर्षी ९९, पुढे १५५, १७९ आणि आता १९९. वापर तोच, बाई तीच, फोनसुद्धा बराच काळ तोच. जास्त डेटा वापरणाऱ्याला निदान प्रत्येक वाढीबरोबर जास्त जीबी मिळत गेले. हिला काय मिळालं? जे आधी होतं तेच, साडेपाचपट भावानं.

१७९ चे १९९ झाल्यावर तिनं सरळ सांगितलं, ‘नको टाकू. मी कुठं कुणाला लावते? येतात तेवढे घेते.’ मी गुपचूप टाकत होतो, पण २८ दिवसांची तारीख दर वेळी मागं सरकते आणि ऐन पावसाळ्यात एकदा राहिलं. आधी आउटगोइंग गेलं, थोड्या दिवसांनी इनकमिंगही. मग सिलिंडर घेऊन आलेला मुलगा म्हणाला, ‘मावशी, कोड सांगा.’ कोड कुठून येणार? टाकी परत गेली. नंबर जिवंत ठेवायला वीस रुपये शिल्लक पुरतात असं व्हॉट्सअॅपवर फिरत असतं, त्यावर जाऊ नका. ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, तो नियम ९० दिवस न वापरलेला नंबर काढून घेण्याबद्दलचा आहे. नंबर तुमच्या नावावर राहील, पण फोन वाजेलच असं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना सांगितलं की डेटा नको असलेल्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवा, आणि अशा व्हाउचरची मुदत ९० दिवसांवरून ३६५ पर्यंत वाढवली. मी खूश. वाटलं, हजार-बाराशेत वर्ष निघेल. जानेवारीत पॅक आले आणि डोकं फिरलं. एअरटेलचा वर्षाचा १९५९, जिओचा १९५८. ट्रायनं तपासतो म्हटल्यावर काही दिवसांतच एअरटेलनं १८४९ केला. जिओनं १७४८ केला, पण दिवस ३३६ वर आणले. रोजचा भाव काढला तर एअरटेल ५ रुपये ७ पैसे आणि जिओ ५ रुपये २० पैसे, म्हणजे स्वस्त दिसणारा प्रत्यक्षात महाग. नुसती किंमत बघून पॅक घेऊ नका, दिवसांनी भागा.

आता यातली गंमत बघा. जुलै २०२४ च्या आधी १७९९ मध्ये वर्षभर कॉल आणि वर २४ जीबी डेटा मिळत होता. वाढीनंतर तोच १९९९. त्यातून २४ जीबी काढले आणि १८४९. म्हणजे कंपन्यांच्याच हिशोबानं २४ जीबीची किंमत १५० रुपये, जीबीला सव्वासहा. पण सुटा एक जीबी मागायला जा, एअरटेलला २२ रुपये आणि तोही एका दिवसात संपवायचा. भेळेतली शेव काढून घेतली म्हणून दोन रुपये सूट, आणि तीच शेव वेगळी मागितली तर वीस रुपये, असा हा धंदा. त्या वेळी मी हा पॅक घ्यायचाच नाही असं ठरवलं होतं.

तरी घेतला, कारण १९९ तेरा वेळा म्हणजे २५८७. चिडून काय करणार, ७३८ रुपये समोर दिसत होते.

पहिली अडचण दुकानात. गावातल्या रिचार्जवाल्यानं ‘असला पॅक येतच नाही’ म्हणून हात झटकले आणि २९९ चा पुढं केला. कंपनीच्या अॅपमध्ये पॅक होता, पण सगळ्यात शेवटच्या कप्प्यात, ओटीटी आणि अनलिमिटेड फाइव्ह-जीच्या गर्दीखाली. यूपीआयच्या अॅपमध्ये शोधाच्या खिडकीत थेट १८४९ टाइप केलं की येतो, पण वर सुविधा शुल्काचे दोन-तीन रुपये लागतात. कंपनीच्या अॅपवरून टाकला तर ते वाचतात.

आणि मग, पैसे भरल्यावर, त्या बाई सुरू झाल्या.

कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई. ‘प्रिय ग्राहक, आपल्या पॅकमध्ये डेटा उपलब्ध नाही...’ हिंदीत. दुपारी, जेवायच्या वेळी, कधी सकाळी पूजेच्या वेळी. आईला रेकॉर्डिंग ही गोष्ट मान्यच नाही. फोन आला म्हणजे कुणीतरी माणूस आहे आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे. ‘हो बाई, नाही डेटा, नकोय मला. तू जेवलीस का?’ असं तिला मी स्वतः बोलताना ऐकलंय. बाई तिकडून पुढचंच सांगत राहते, आई थांबून ऐकून घेते, मग पुन्हा समजावते. हसू येतं, पण संधिवाताच्या गुडघ्यांनी ती परसातून आत धावत येते ती या कॉलसाठी. वर्षाचे पैसे रोख आगाऊ मोजून घेतल्यावर तिला डेटा विकायला दिवसाआड फोन कशाला? बटणाच्या फोनला?

१९०९ वर START 0 पाठवून डीएनडी लावलं. बाहेरचे, जमीन आणि कर्जवाले, बंद झाले. कंपनीचे स्वतःचे चालूच. १९८ वर तक्रार केली तर उत्तर आलं, हे जाहिरातीचे नाहीत, सेवेचे कॉल आहेत. तक्रार क्रमांक मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी ‘आपली तक्रार निवारण करण्यात आली आहे’ असा मेसेज. त्याच संध्याकाळी बाई पुन्हा हजर. तक्रार बंद झाली म्हणजे विषय संपला असं समजू नका. ट्रायकडे थेट लिहून एकेकट्याची तक्रार सुटत नाही, पण प्रत्येक कंपनीत अपील प्राधिकरण असतं. तीस दिवसांत अपील करायचं, फी नाही, आणि त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. मी डीएनडीची तारीख, कॉलच्या वेळा, पहिला तक्रार क्रमांक असं सगळं लिहून टाकलं. माफी वगैरे काही नाही, पण कॉल कमी झाले. पूर्ण बंद नाहीत. आई मधे विचारत होती, ‘ती बाई आजारी आहे का?’

पॅकबद्दल माझं मत बदललं ते मे महिन्यात. भाच्यानं सुट्टीत आजीला जुना स्मार्टफोन दिला. मी म्हटलं, गेला पॅक वाया, आता डेटा लागणार. झालं उलटंच. नातवाचे व्हिडिओ ती भाचा आला की त्याच्या हॉटस्पॉटवर बघते, एरवी नेट बंद. सिममध्ये डेटाच नाही म्हटल्यावर कुणी लिंक पाठवली तरी उघडत नाही, आणि गावात दोन घरांत तेवढ्यानंच पैसे गेलेत. थोडाफार डेटा हवा असेल तर एअरटेलचा २२४९ चा पॅक बघा, ३६५ दिवसांत ३० जीबी. ४०० रुपये जादा, पण सुट्या जीबीपेक्षा स्वस्त पडतो.

खटकणारी एक गोष्ट गंभीर आहे. वर्षाचे पैसे भरलेत म्हणजे तुम्ही वर्षभर बांधले गेलात. १९०० वर PORT पाठवून नंबर दुसरीकडे नेता येतो, पण उरलेला पॅक जातो. शेजारच्या काकांनी दरवाढीच्या रागात बीएसएनएलला पोर्ट केला. जुलै २०२४ मध्ये एकट्या त्या महिन्यात बीएसएनएलला २९ लाखांवर ग्राहक मिळाले, त्यातले ते एक. स्वस्त आहे, दर वाढवले नाहीत हेही खरं. पण पुढे त्यांनी गुपचूप पॅकचे दिवस कमी केले, आणि काकांच्या ओसरीवर रेंज येते, स्वयंपाकघरात नाही. घेण्याआधी त्या गावात, त्या खोलीत कुणाचं तरी सिम घालून बघा.

जानेवारी-फेब्रुवारीत मुदत संपेल. १८४९ च राहिला तर परत टाकणार. दोन हजारांवर नेला तर ८४ दिवसांचा ४६९ वाला घेणार. वर्षाला दोन हजारांच्या वरच पडतो, पण निदान पोर्टची वाट उघडी राहते. ३६०० एसएमएसपैकी आईनं एकही पाठवलेला नाही, ते परत घेऊन शंभर रुपये कमी केले तर मी लगेच तयार आहे.

पाचापैकी साडेतीन. एक गुण भावाचा कापला, अर्धा त्या बाईंचा.