बर्लिनमधून डॉइचलांडटिकीटवर फिरणं: बरेच महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

इथे नवीन आलेले बरेच जण विचारतात की डॉइचलांडटिकीट (जर्मनीभर चालणारा महिन्याचा प्रवासाचा पास) फक्त ऑफिसला जायला-यायला घ्यायचं की वीकेंडला फिरायलाही त्याचा उपयोग होतो. हिवाळा, वसंत आणि अख्खा उन्हाळा यावर फिरून झालाय, म्हणून सविस्तर लिहितो.

मे 2023 मध्ये सुरू झालं तेव्हा महिन्याला 49 युरो होतं, जानेवारी 2025 पासून 58 आणि 2026 पासून 63. दर वाढला तरी मी ठेवलंय आणि ठेवणार. यात शहरातली बस, ट्राम, यू-बान (मेट्रो), एस-बान (लोकल) आणि देशभरच्या रिजनल गाड्या (आरई, आरबी) सेकंड क्लासमध्ये चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत, सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि तिकीट नावावर असल्यामुळे दुसऱ्या कोणाला वापरायला देता येत नाही.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं काय तर शुक्रवारी रात्री हवामान बघून ठरवता येतं. आगाऊ स्वस्त तिकीट काढलं की पाऊस असला तरी जावंच लागतं, कारण ते त्या गाडीलाच बांधलेलं असतं. इथे तसं काही नाही, वाटेत एखादं गाव आवडलं तर उतरा, कंटाळा आला तर परत फिरा.

आता कुठे जायचं ते. एका बाजूने दोन तासांच्या आत पोचत असाल तरच एका दिवसात करा, त्यापुढे असेल तर मुक्काम करा, हे माझं आता पक्कं झालंय.

एका दिवसासाठी माझा पहिला नंबर श्प्रेवाल्ड, हा कालव्यांचा भाग. आरई 2 किंवा आरई 7 पकडून साधारण तासाभरात ल्युबेनाउ, स्टेशनच्या पाट्यासुद्धा दोन भाषांत, जर्मन आणि सोर्बियन, कारण या भागात सोर्ब लोक राहतात आणि त्यांची भाषा स्लाव्हिक आहे. स्टेशनपासून चालत बंदर आणि तिथून सपाट तळाच्या लाकडी होड्या, नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ढकलत नेतो, इंजिनाचा आवाज नाही. कालव्यातून लेडे गावापर्यंत जातात, तिथे उन्हाळ्यात पोस्टमनसुद्धा होडीनेच पत्रं वाटतो. आई-बाबा नाशिकहून आले होते तेव्हा त्यांना इथेच नेलं, चढउतार अजिबात नाही आणि गुडघ्यांना त्रास नाही. आणि खाण्याचं सांगतो, शाकाहारी माणसाची जर्मनीत बाहेरगावी पंचाईत होते पण इथला पारंपरिक पदार्थच उकडलेले बटाटे, क्वार्क आणि वरून जवसाचं तेल असा आहे. क्वार्क म्हणजे जवळपास आपला चक्काच. आईने पहिला घास खाल्ला आणि म्हणाली अरे ही तर जवसाच्या चटणीची चव, मग बाबांच्या ताटातलंही तिनेच संपवलं. इथली लोणच्याची काकडी प्रसिद्ध आहे, ती बंदरावर सुटी मिळते. खिशात रोख पैसे मात्र ठेवा.

पोट्सडाम तर एस 7 ने किंवा आरई 1 ने अगदी जवळ. सान्सुसी राजवाडा सोमवारी बंद असतो आणि आत जायला ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं, बाग कोणत्याही दिवशी फिरा. वरच्या गच्चीवर प्रशियाच्या फ्रेडरिक राजाची साधी कबर आहे, तिच्यावर लोक बटाटे ठेवून जातात कारण बटाट्याची लागवड त्याने लोकांच्या गळी उतरवली असं मानतात. राजा 1786 मध्ये गेला, पण त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे 1991 मध्ये आणलं.

ओरानियनबुर्गला एस 1 जाते, तिथे साक्सेनहाउझेनची छळछावणी आहे, 1936 ची, प्रवेश मोफत. त्या दिवशी दुसरा काही प्लॅन ठेवू नका आणि लहान मुलांना नेऊ नका असं मला मनापासून वाटतं.

मुक्कामाचं म्हणाल तर ड्रेस्डनपेक्षा पुढे एल्ब नदीकाठी राहा. रिजनलने एल्स्टरवेर्डाला गाडी बदलून ड्रेस्डनला जायला जवळजवळ तीन तास लागतात, म्हणजे जाऊन-येऊन सहा तास गाडीतच, एका दिवसात करण्यात काही अर्थ नाही. ड्रेस्डनहून एस 1 पकडा, राटनला उतरा, फेरीने पलीकडे गेलात की मोटारींना बंदी असलेलं छोटंसं गाव आणि वर बास्टायचे खडक. 1851 चा दगडी पूल आहे तिथे, आणि खडक नदीपासून 194 मीटर उंच. दुपारी त्या पुलावर पाय ठेवायला जागा नसते, गावात राहिलात तर सकाळी सातला वर पोचता आणि धुकं नदीवरून हळूहळू वर येताना दिसतं, मुक्कामाचे पैसे तिथेच वसूल होतात.

समुद्र बघायचा तर रोस्टॉकमार्गे वार्नेम्युंडे, तिथेही एक रात्र राहाच. वाळूत मांडलेल्या त्या छपराच्या वेताच्या खुर्च्या 1882 मध्ये रोस्टॉकच्याच एका कारागिराने पहिल्यांदा बनवल्या. उन्हाळ्यात शनिवारी सकाळच्या गाडीला मात्र तुफान गर्दी, मुंबईकरांनाही जड जाईल इतकी, म्हणून हाउप्टबानहोफच्या (बर्लिनचं मुख्य स्टेशन) आधी झ्युडक्रॉइत्स स्टेशनला जाऊन चढा, बसायला मिळण्याची शक्यता बरीच वाढते. जमलं तर रविवारी जाऊन सोमवारी परत या, खोलीही स्वस्त पडते, कारण उन्हाळ्यात वीकेंडला बरेच छोटे गेस्टहाउसवाले दोन रात्रींशिवाय खोली देत नाहीत.

त्रास काय तर रुळांची कामं. वीकेंडलाच काढतात आणि गाडीऐवजी बस देतात, अशा एका रविवारी परतीची बस भरून निघून गेली आणि आम्ही पुढचीसाठी तासभर थंडीत उभे होतो. तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री डीबी नॅव्हिगेटर या जर्मन रेल्वेच्या ॲपमध्ये फक्त रिजनल गाड्यांचा पर्याय लावून परतीच्या शेवटच्या दोन गाड्या बघून ठेवतो, आणि शेवटच्या गाडीच्या भरवशावर कधीच राहत नाही. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे खाण्याचं शनिवारीच घेऊन ठेवा.

घरचे भारतातून येणार असतील तर त्यांनाही हे तिकीट काढता येतं, पण ते दरमहा आपोआप चालू राहतं. चालू महिन्याअखेर बंद व्हायला हवं असेल तर 10 तारखेच्या आत रद्द करा, नाहीतर ते विमानाने परत गेल्यावरही पुढच्या महिन्याचे 63 युरो कापले जातील.