मिसिंग शोधायचं कसं: स्कॅनर की अदलाबदल?

जुनी पेट्रोल गाडी चढावर मधूनच मिसिंग करते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि गॅरेजात पोहोचेपर्यंत सुरळीत चालायला लागते, तेव्हा दोष शोधायच्या वाटा दोन: गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर, नाहीतर पार्टची अदलाबदल.

स्कॅनर लावला की कोड मिळतो. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. सोबत फ्रीझ फ्रेमही वाचा: बिघाडाच्या वेळी आरपीएम किती, इंजिन तापलेलं की थंड, हे त्यात सापडतं आणि मधूनच येणाऱ्या दोषाला हाच खरा धागा असतो. पण कोड सिलिंडर सांगतो, खराब पार्ट नाही. तेवढ्यावर चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या) बदलायला लावणं मला अजिबात पटत नाही.

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर अदलाबदलीला जवळपास खर्च नाही. इंजिन बंद करून दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी नीट तापवून त्याच चढावर न्या. कोड पी०३०३ झाला, तर संशय कॉइलवरच. जागचा हलला नाही, तर तशीच प्लगची अदलाबदल; मग वायरिंग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन. वेळ मात्र जातो.

एकाच कॉइलचा करंट सगळ्या प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या जुन्या कार्बोरेटर गाडीला स्कॅनर जोडायची सोयच नाही. तिथे रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनच्या प्लग वायरी बघा. करंट गळत असेल तर ठिणगी दिसते. हात लावू नका.