बुटांच्या खोक्यातलं इंग्रजी: सात महिन्यांच्या वापरानंतर

सात महिने झाले, रोज सकाळी साधारण २५ मिनिटं मी इंग्रजीचा सराव करते आहे. साधन एकच: बुटांचं रिकामं खोकं, त्यात पुठ्ठा कापून केलेले पाच कप्पे, आणि तळहाताएवढी जाड कागदाची कार्डं. आज खोक्यात ६४० कार्डं आहेत. मी सुरुवात केली तेव्हा मला असंच काहीतरी वाचायला हवं होतं. चाळिशी उलटल्यावर अगदी पायापासून इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाने काय केलं, काय जमलं, काय फसलं. ते मिळालं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

शाळेत इंग्रजी होतं. प्रश्नोत्तरं पाठ, स्पेलिंग पाठ, त्यामुळे मार्क मिळाले. पण बोलायची वेळ कधी आली नाही, आणि पुढच्या पंचवीसएक वर्षांत जे होतं तेही पुसलं गेलं. खोक्याच्या आधी दोन महिने मी मोबाइलवरचं एक ॲप वापरलं. चार पर्यायांतला एक निवडायचा किंवा गाळलेली जागा भरायची. दहापैकी नऊ उत्तरं बरोबर यायची. पर्याय समोर असले की नुसतं ओळखीचं वाटण्यावरसुद्धा बोट बरोबर पडतं. पर्याय काढून घेतले की तेच वाक्य मला उभं करता येत नव्हतं. ओळखता येणं वेगळं आणि आपणहून आठवणं वेगळं, आणि बोलताना आठवावंच लागतं. कार्डावर पर्याय नसतात. मराठी बाजू वाचायची, इंग्रजी मोठ्याने म्हणायचं, मगच कार्ड उलटायचं.

ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७० च्या दशकात मांडली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात जातं. उत्तर बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की ते कुठल्याही कप्प्यात असो, थेट पहिल्यात. पहिला कप्पा मी रोज बघते, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. यामागची गोष्ट जुनी आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून विसरायच्या बेतात असताना कार्ड पुन्हा समोर यावं लागतं. मला याचा अर्थ खऱ्या अर्थाने तिसऱ्या महिन्यात कळला. जे कार्ड आठवायला थोडं झगडावं लागलं ते पक्कं राहिलं, आणि जे रोज सहज येत होतं ते पंधरा दिवसांनी गेलं.

आता चूक. पहिले सहा आठवडे मी सुट्या शब्दांची कार्डं केली. १९३० मध्ये सी. के. ऑग्डेन या इंग्रज भाषातज्ज्ञांनी ‘बेसिक इंग्लिश’ नावाने ८५० शब्दांची एक यादी केली होती. तेवढ्यात रोजचं सगळं सांगता यावं असा त्यांचा हेतू होता, आणि त्यात क्रियापदं अवघी अठरा. मला वाटलं, ८५० म्हणजे रोज दहा शब्द, तीन महिन्यांत यादी संपली. १८० कार्डं केली. ‘रिसीव्ह’सारखे यादीबाहेरचे, कानावर पडणारे शब्दही घातले. ‘हॅव’ चौथ्या कप्प्यात, ‘रिसीव्ह’ तिसऱ्या कप्प्यात. मग एके दिवशी एका कार्यालयातून फोन आला. त्यांनी काही कागद पाठवले होते. पलीकडून प्रश्न आला, ‘हॅव यू रिसीव्ह्ड इट?’ चारही शब्द माझ्या खोक्यात होते. तरी मला वाक्याचा अर्थ लागायला वेळ लागला आणि तोंडून निघालं, ‘येस, आय ॲम रिसीव्ह.’ पलीकडच्या बाईंना कळलं, काम झालं. पण फोन ठेवल्यावर मी खोकं उघडून बसले. ‘हॅव’ म्हणजे ‘असणे’ असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि त्या वाक्यात ‘असणे’ कुठेच नव्हतं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. क्रियापदं अठरा हे खरं, पण ती एकटी येत नाहीत. ‘गेट अप’ म्हणजे उठणे, ‘गेट इन’ म्हणजे आत चढणे, ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. यादीत ‘गेट’ एकदाच येतो, शिकावा मात्र वीस वेळा लागतो. ८५० हा आकडा पाहून नव्या माणसाने हुरळून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

ती १८० कार्डं मी बाजूला काढली आणि नवीन नियम केला: कार्डावर पूर्ण वाक्य, आणि तेही मी त्या आठवड्यात मराठीत खरोखर बोललेलं. इथून खोकं कामाला लागलं.

पहिल्याच आठवड्यात माझं घोडं अडलं ते ‘आहे’पाशी. मी लिहिलेली वाक्यं अशी होती: मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे वेळ आहे. मला ताप आहे. तो घरी आहे. टेबलावर चावी आहे. मराठीत सगळीकडे ‘आहे’. मी सगळीकडे ‘इज’ लावत होते आणि ‘मला’ला ‘टू मी’ म्हणत होते. माझी भाची इंग्रजी माध्यमात शिकलेली. ती कार्डं चाळत बसली होती. ‘मावशी, तू आधी माणूस शोध. आहे-बिहे नंतर बघ. ताप कुणाला?’ म्हटलं, मला. ‘मग आय पुढे घे.’ आय हॅव अ फीव्हर. आय हॅव टू ब्रदर्स. आय हॅव टाइम. मराठीत ‘मला ताप आहे’ या वाक्याचा कर्ता ताप असतो आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा असतो. इंग्रजीत त्याला पुढे आणावं लागतं. मला आवडतं, आय लाइक. मला माहीत आहे, आय नो. मला भीती वाटते, आय ॲम अफ्रेड. मला जायला हवं, आय हॅव टू गो. या एका गोष्टीची मी ६० कार्डं केली आणि त्यातली एकही वाया गेली नाही. व्याकरणाच्या कुठल्याही धड्यात मला हे इतकं सरळ सापडलं नव्हतं, कारण ते धडे मराठी डोक्यासाठी लिहिलेले नसतात.

चावीचं कार्ड मात्र वेगळं निघालं. ‘टेबलावर चावी आहे’ आणि ‘चावी टेबलावर आहे’ ही दोन वाक्यं मी एकाच दिवशी लिहिली, कारण दोन्ही बोलले होते. पहिलं कुणीतरी विसरलेली चावी दिसली तेव्हा, दुसरं घरातलं कुणी चावी शोधत होतं तेव्हा. इंग्रजीत पहिलं ‘देअर इज अ की ऑन द टेबल’, दुसरं ‘द की इज ऑन द टेबल’. मी ती दोन कार्डं शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत राहिले. ऐकणाऱ्याला ठाऊक असलेली चावी आणि ठाऊक नसलेली चावी हा फरक मराठीतही आहेच. आपण तो शब्द मागेपुढे करून दाखवतो, इंग्रजी ‘अ’ आणि ‘द’ लावून दाखवते. शाळेपासून मला वाटत आलं होतं की ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचे हे ज्याला जन्मतः येतं त्यालाच येतं. त्या दिवसापासून मी अडले की स्वतःला विचारते: समोरच्याला कुठली ते माहीत आहे का? सगळीकडे हे चालत नाही, पण दहापैकी सात वेळा वाट दाखवतं.

‘अ’ की ‘ॲन’ यासाठी तर आपली लिपीच मदतीला येते. स्पेलिंगकडे बघू नका, शब्द देवनागरीत लिहा. ‘अवर’ स्वराने सुरू होतो म्हणून ॲन अवर, जरी स्पेलिंगमध्ये आधी एच असला तरी. ‘युनिव्हर्सिटी’ य ने सुरू होतो म्हणून अ युनिव्हर्सिटी. तीच गोष्ट भूतकाळाच्या ‘ईडी’ची. वॉक्ट, प्लेड, वॉन्टेड: कुठे ट, कुठे ड, कुठे इड, हे लिहिताना आपोआप दिसतं. अनेकवचनात बुक्समध्ये स आणि पेन्झमध्ये झाडातल्या झच्या जवळचा आवाज. पण हीच लिपी एका ठिकाणी दगा देते. थांब म्हणायचा ‘वेट’, ओला म्हणजे ‘वेट’ आणि जनावरांचा डॉक्टर ‘वेट’ हे मी तिन्ही एकसारखे लिहिले होते. इंग्रजीत तिघांचे उच्चार वेगवेगळे आहेत. पहिल्यात स्वर लांबतो, आणि शेवटच्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, आधीच्या दोन्हींत ओठ गोल होतात. आता उच्चार लिहिला तरी त्याखाली स्पेलिंग असतंच, आणि प्रत्येक नवं वाक्य मी फोनवर शब्दकोशाचा आवाज लावून निदान दोनदा ऐकते.

प्रश्न विचारायला शिकताना ‘डू, डझ, डिड’नी बराच काळ खाल्ला. आपण ‘तू गेलास का?’ म्हणतो, क्रियापद भूतकाळातच राहतं आणि ‘का’ चिकटतो. म्हणून मी ‘डिड यू वेन्ट’ म्हणायचे. इंग्रजीत भूतकाळ एकदाच दाखवायचा. तो ‘डिड’ने उचलला की ‘गो’ मूळ रूपात परततो. ‘ही गोज’चा ‘एस’ही असाच ‘डझ’मध्ये जातो: डझ ही गो? कार्डाच्या मागे लाल पेन्सिलीने बाण काढले, एका अक्षरापासून दुसऱ्यापर्यंत, आणि पंधरा दिवसांत ते बसलं.

अनियमित क्रियापदांची मला धास्ती होती. गो-वेन्ट, सी-सॉ, टेक-टुक. इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं, बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी, गेट, सगळीच्या सगळी अनियमित आहेत. आधी हे अन्यायाचं वाटलं. मग मराठीकडे बघितलं. चालतो-चालला, बसतो-बसला, हे सरळ. पण जातो-गेला, येतो-आला, करतो-केला, देतो-दिला, घेतो-घेतला! आपलीही रोजचीच क्रियापदं वाकडी आहेत. जी रूपं दिवसातून शंभरदा तोंडी येतात ती जुन्या वळणाची राहिली तरी कुणी विसरत नाही. ‘वेन्ट’ तर मुळात ‘गो’चा नव्हेच, ‘वेन्ड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ आहे. हे कळल्यावर यादी पाठ करणं मी सोडलं आणि या दहांची प्रत्येकी पाच वाक्यं केली.

उणिवाही सांगते. खोकं ऐकायला शिकवत नाही. समोरचा माणूस भरभर बोलला की मी अजूनही हरवते, आणि त्यासाठी वेगळं ऐकावंच लागतं. कार्डं लिहायला वेळ जातो, रोज पाचापेक्षा जास्त नवीन कार्डं मला झेपली नाहीत. चौथ्या महिन्यात घरी आजारपण होतं, बारा दिवस खोकं उघडलं नाही, आणि परतले तेव्हा १४० कार्डं वाट बघत होती. तेव्हा सोडून द्यावंसं फार वाटलं. नवीन कार्डं पूर्ण थांबवून रोज तीसच जुनी बघितली, आठवड्याभरात गाडं रुळावर आलं. कार्डं रोज पिसायला हवीत, नाहीतर वाक्य लक्षात न राहता क्रम लक्षात राहतो. आणि एका मराठी वाक्याची इंग्रजीत दोन उत्तरं बरोबर असू शकतात. ‘माझी चावी हरवली’ म्हणजे ‘आय लॉस्ट माय की’ही आणि ‘आय हॅव लॉस्ट माय की’ही. अशा कार्डावर मी आता कंसात वेळ लिहिते: ‘काल’ किंवा ‘अजून सापडलेली नाही’.

कुठवर आले? युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषेच्या पातळ्यांची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्या पहिल्या पायरीवर, ए-वनवर, अपेक्षा अशी आहे की स्वतःची ओळख करून देता यावी, राहतो कुठे, ओळखतो कुणाला, आपल्याकडे काय आहे असे साधे प्रश्न विचारता आणि सांगता यावेत, समोरचा सावकाश आणि स्पष्ट बोलत असेल तर. हे मला आता जमतं. परवा त्याच कार्यालयातून पुन्हा फोन आला आणि मी म्हटलं, ‘येस, आय हॅव रिसीव्ह्ड इट. थँक यू.’ वाक्य मनात आधी मराठीत आलं नव्हतं.

एक कार्ड मात्र सात महिन्यांत तिसऱ्या कप्प्यापलीकडे गेलं नाही. ‘मी सात महिन्यांपासून इंग्रजी शिकते आहे.’ ‘पासून’ दिसलं की तोंडात ‘सिन्स’ येतं, आणि तिथे हवं ‘फॉर’. ‘जानेवारीपासून’ला सिन्स, ‘सात महिन्यांपासून’ला फॉर, आणि मराठीत दोन्हीकडे ‘पासून’. गेल्या आठवड्यात मी कार्डाची मराठी बाजूच बदलली: ‘गेले सात महिने मी इंग्रजी शिकते आहे.’ त्यानंतर दोनदा बरोबर आलंय. पुन्हा तिसऱ्या कप्प्यात ठेवलंय, आता आठवड्याने बघेन.