ऑफिसच्या मीटिंगमध्ये 'लाइव्ह ट्रान्सक्राइब': कर्णबधिर सहकाऱ्यांना किती उपयोगाचं?

गूगलचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' हे अँड्रॉइडवरचं मोफत अ‍ॅप 2019 मध्ये आलं. ते घडवताना कर्णबधिरांसाठीच्या अमेरिकेतल्या गॅलॉडेट विद्यापीठाची मदत घेतली होती. समोरचा बोलत जातो आणि कृत्रिम बुद्धिमत्ता ते शब्द पडद्यावर उमटवत जाते, मराठीतसुद्धा. टेबलापलीकडच्या एका माणसाशी बोलायला हे अ‍ॅप उत्तम आहे. दहा जणांच्या मीटिंगमध्ये ते उपयोगी पडेल की नाही, हे ऑफिसच्या तयारीवर ठरतं.

आधी सेटिंग्जमध्ये मुख्य भाषा मराठी ठेवा, दुसरी इंग्रजी किंवा हिंदी. मग खास शब्दांच्या यादीत सहकाऱ्यांची आडनावं, गावांची नावं आणि कामातल्या संज्ञा भरा. हे काम बहुतेक जण टाळतात आणि मग गडहिंग्लजचं भलतंच काही उमटलं की अ‍ॅपला दोष देतात. वापरणाऱ्याचं नावही नोंदवून ठेवा. कुणी हाक मारली की फोन थरथरतो. कर्णबधिर व्यक्तीला उत्तर टाइप करून समोर धरता येतं, ही सोय तर फारच चांगली.

अडचण येते ती माइकची. फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवला की पंखा, एसी, कपबशा सगळंच त्याच्या कानी पडतं आणि टोकाला बसलेल्याचं वाक्य अर्धवट उमटतं. फोनला बाहेरचा माइक जोडून तो बोलणाऱ्याच्या हाती देत राहणं, हा यावरचा खात्रीचा उपाय. माइक हातोहात फिरला की दोघांनी एकदम बोलणंही आपोआप थांबतं. मजकुरात कोण काय बोललं हे वेगळं दिसत नाही, म्हणून प्रत्येकाने आधी स्वतःचं नाव सांगावं. हा माइक ऑफिसने विकत घ्यावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 'वाजवी सोयीसुविधा' म्हटलंय ती हीच. कर्णबधिर कर्मचाऱ्याला ती दरवेळी मागावी लागणं अन्यायाचं आहे.

आपल्या बोलण्यात वाक्यागणिक इंग्रजी येतं. 'रिटर्न फाइल करायचंय की होल्डवर ठेवायचं?' अशा वाक्यांत चुका वाढतात. पावणेतीन लाख, अडीच टक्के असे आकडे तर फळ्यावर लिहूनच दाखवावेत, कारण इतर चुका संदर्भाने कळतात, आकड्याची चूक कळत नाही.

ऑनलाइन मीटिंगला लॅपटॉपसमोर फोन धरू नका. त्या सॉफ्टवेअरमधलीच कॅप्शन्स लावा. तिथे बोलणाऱ्याचं नावही दिसतं. मराठीची सोय आहे का, एवढं आदल्या दिवशी तपासा.

ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्यांना भराभर सरकणारं मराठी वाचणं जड जाऊ शकतं. पदोन्नतीची मुलाखत, शिस्तभंगाची चौकशी अशा ठिकाणी दुभाषीच हवा. पैसे वाचवायला तिथे हे अ‍ॅप पुढे करू नये.

मजकूर जपून ठेवण्याचा पर्याय चालू केला तर तो फोनवर तीन दिवस राहतो. तो चालू करण्याआधी सगळ्यांना विचारा. मीटिंगचं इतिवृत्त म्हणून हा मजकूर चालणार नाही; ठरलेल्या गोष्टी त्याच दिवशी वेगळ्या लिहून सगळ्यांना पाठवा.